‘अकस्मात मृत्यू’ म्हणजे ‘अपघाती मृत्यू’ नव्हे

मुलुंडच्या एका वाचक ताईंनी विचारलंय: चार महिन्यांचं बाळ रात्री झोपेतच गेलं. वाहिनीवर पट्टी ‘अपघाती मृत्यू’, पोलिसांच्या कागदावर ‘अकस्मात मृत्यूची नोंद’. दोन्ही एकच का? आणि ‘अकस्मात’ बरोबर की ‘आकस्मिक’?

एकच नाहीत. ही सरमिसळ ऐकून ऐकून कान किटलेत. पोलीस ठाण्यात अशा नोंदीला ‘एडीआर’ म्हणतात, म्हणजे ‘ॲक्सिडेंटल डेथ रिपोर्ट’. त्यातला ‘ए’ ‘ॲक्सिडेंटल’चा, म्हणून वाहिनीवाले सरळ ‘अपघाती’ करून मोकळे होतात. पण अपघातात ‘घात’ आहे, हन् धातूतून आलेला. कशाचा तरी आघात झाला, हे तो शब्द ठासून सांगतो. झोपेत गेलेल्या बाळाबद्दल पहिल्या दिवशी तेवढं तरी कुणाला ठाऊक असतं?

‘अकस्मात’चे अचानक, एकाएकी हे अर्थ सगळ्यांना माहीत आहेत, ते सोडतो. त्या शब्दाचा जीव त्याच्या घडणीत आहे. संस्कृत ‘किम्’ (काय) या सर्वनामाची पंचमी ‘कस्मात्’: कशापासून, कशामुळे. तिला नकाराचा ‘अ’ लागला. ज्याच्या ‘कशामुळे?’ला उत्तर नाही ते अ-कस्मात्! न्यायदर्शनाचे पंडित उदयनाचार्य यांनी दहाव्या शतकात आपल्या न्यायकुसुमांजली या ग्रंथात ‘गोष्टी अकस्मात होतात’ या मताचे जितके अर्थ निघतील तितके काढले आणि एकेक खोडला. कारणावाचून काही घडत नाही, यावर ते ठाम. माझंही ठाम मत आहे, की पोलिसांच्या वहीतला ‘अकस्मात’ उदयनाचार्यांच्याच वळणाने वाचायला हवा: कस्मात् विचारलंय, उत्तर यायचंय. मुंबई शहरात १९९९ पर्यंत हा प्रश्न १८७१च्या कायद्याखालचा कोरोनर, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी, विचारायचा. ते पद गेलं. आता पोलीस पंचनामा करून विचारतात, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत हा कस्मात् फार चिवट. वर्षाच्या आतलं बाळ एकाएकी गेलं, संपूर्ण शवविच्छेदन झालं, जिथे गेलं ती जागा पाहिली, आधीची दुखणीखुपणी तपासली, आणि तरीही कारण हाती लागलं नाही, तरच डॉक्टर ‘सिड्स’ (सडन इन्फंट डेथ सिंड्रोम) म्हणतात. १९६९च्या व्याख्येत जागेची पाहणी नव्हती, १९८९मध्ये तज्ज्ञांनी ती घातली. कारण मऊ गादीत नाक दबून गुदमरलेलं बाळ आणि सिड्सने गेलेलं बाळ, शवविच्छेदनात दोन्ही सारखीच दिसू शकतात. म्हणून नीट तपास होतो तिथे आईच्या हाती बाहुली देऊन विचारतात, कसं निजवलं होतं, कसं सापडलं. अंगभर एक्स-रे काढतात, कारण बरगडीचं जुळत आलेलं जुनं फ्रॅक्चर वरून कळत नाही. आणि कुल्ल्यावरचा तो निळसर डाग! आपल्याकडच्या कितीतरी बाळांना तो जन्मापासून असतो, पण बघणारा लगेच म्हणतो, ‘मारलंय.’ तिथे छेद घेतला की मुका मार असल्यास कातडीखाली रक्त साकळलेलं दिसतं, जन्मखुणेत ते नसतं. व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो, आणि अहवाल येईस्तोवर ‘कारण राखून ठेवले’ असा शेरा पडतो. हे सगळं व्हायच्या आत ‘अपघाती’ म्हणणारा तपासाआधी निकाल देतो, आणि ‘संशयास्पद’ म्हणणारा तो आईच्या माथी मारतो.

राहिला ‘आकस्मिक’. शुद्धलेखनवाले बजावतात, की अकस्मात हे अव्यय, ते नामाला विशेषण म्हणून लागत नाही. संस्कृतात नसेल लागत. मराठीत ‘अचानक भेट’, ‘परस्पर विक्री’ हे रोज चालतं, तिथे त्यांची लेखणी का उठत नाही? भेट, विक्री यांच्यासारखी मृत्यू हीसुद्धा घडण्याचीच गोष्ट आहे, मग ‘अकस्मात’ तिला का लागू नये? शिवाय ‘आकस्मिक खर्च’, ‘आकस्मिक निधी’ करता करता तो शब्द सरकारी हिशेबातला झालाय, त्यात कस्मात् कुणालाच ऐकू येत नाही. ताई, ‘अकस्मात मृत्यू’च लिहा. आणि वाहिनीला पत्र टाकलंत तर एवढं सुचवा, की पट्टीवर ‘चार महिन्यांच्या बाळाचा मृत्यू, कारणाचा तपास सुरू’ एवढं मावतं.