डॉक्टर नाही, तरी आरोग्यातच काम करायचंय

एका विद्यार्थिनीचं पत्र : "मी नाशिकला बीएस्सी स्टॅटिस्टिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव नंदुरबारच्या धडगाव तालुक्यात. आई आशा कार्यकर्ती आहे, काकू अंगणवाडी सेविका. सुट्टीत दोघींचे अहवाल मीच भरून देते. काकूच्या नोंदीत तीव्र कुपोषित मुलं दोनच असतात, पण नंदुरबार जिल्ह्याच्या सर्वेक्षणात वाचलं की निम्म्याहून जास्त मुलं कमी वजनाची आहेत. मग खोटं कोण बोलतंय? मला अख्ख्या राज्याचं आरोग्य मोजण्याचं, सुधारण्याचं काम करायचं आहे. डॉक्टर नसताना ते जमेल का? बाबा म्हणतात, बँकेची परीक्षा दे, आकडे मोजून कुणाचं घर चालत नाही. कोणता कोर्स करू?"

प्रिय विद्यार्थिनी,

कोर्सबद्दल सांगतेच, पण आधी तुझा "खोटं कोण बोलतंय" हा प्रश्न घेते. तुझ्या पुढच्या कामाचा गाभा त्यातच आहे.

बहुतेक वेळा खोटं कुणीच बोलत नसतं. 'कुपोषित' या एका शब्दाखाली तीन वेगळी मापं येतात. वयाच्या मानाने वजन कमी, वयाच्या मानाने उंची कमी आणि उंचीच्या मानाने वजन कमी. काकू 'तीव्र कुपोषित' म्हणून ज्या दोन मुलांची नावं लिहिते, ती तिसऱ्या मापातली असतात, किंवा दंडाच्या घेराच्या पट्टीवर लाल रंगात येणारी. तू वाचलेला "निम्म्याहून जास्त" हा आकडा पहिल्या मापाचा आहे, आणि त्यात तीव्र-मध्यम सगळीच मुलं धरलेली आहेत. या दोन आकड्यांची तुलनाच होऊ शकत नाही.

फरकाचं दुसरं कारण तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असशील. दिवाळीनंतर पाड्यावरची कितीतरी घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात. ज्या मुलाचं वजन ऑक्टोबरमध्ये झालं, ते जानेवारीत वजनकाट्यापर्यंत पोचतच नाही. ते नोंदीतून गळलं की टक्केवारी सुधारल्यासारखी दिसते. भागाकारात वर काय लिहिलंय यापेक्षा खाली कोण धरलंय, कोण सुटलंय, हे आधी विचारायचं. सार्वजनिक आरोग्यात आयुष्य घालवलेली माणसं कुठलाही अहवाल हातात आला की हेच पहिलं पाहतात.

तिसरं कारण जरा कटू आहे. आकडा वाढला की मासिक बैठकीत जाब नोंद करणाऱ्या बाईलाच विचारला जातो. जिथे खरं लिहिणाऱ्याला बोलणी खावी लागतात, तिथे आकडे हळूहळू सौम्य होत जातात. तुझ्या काकूवर माझा यत्किंचितही संशय नाही. पण उद्या तू जिल्ह्याच्या कार्यालयात बसलीस आणि एखाद्या बीटमधून, म्हणजे अंगणवाड्यांच्या गटातून, वाढीव आकडा आला, तर त्या सेविकेवर डाफरण्याआधी तिने खरं लिहिलं म्हणून तिचं कौतुक कर. राज्याची आकडेवारी सुधारायची सुरुवात तिथून होते, असं मला मनापासून वाटतं.

आता डॉक्टर नसताना जमेल का? जमेल, आणि या कामात संख्याशास्त्राची माणसं डॉक्टरांइतकीच लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, ज्यातला आकडा तू वाचलास, ते मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडून चालतं. ही संस्था १९५६ पासून आहे, आणि तिथे लोकसंख्याशास्त्र, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र असं सगळीकडचं मनुष्यबळ आहे. पहिलं सर्वेक्षण १९९२-९३ मध्ये झालं आणि पाचवं २०१९-२१ मध्ये. पाचव्यात देशभरातल्या सुमारे ६ लाख ३७ हजार कुटुंबांची माहिती घेतली गेली.

महाराष्ट्राची गोष्ट मात्र तुला जरा सविस्तर सांगते, कारण तिचं उत्तर अजून कुणाकडे पूर्ण नाही. २००५-०६ मध्ये राज्यातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ४६ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंवरून तेव्हा राज्य हादरलेलं होतं. २००५ मध्येच राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं, आणि गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंतच्या काळावर भर आला. पुढच्या राष्ट्रीय सर्वेक्षणाची वाट न पाहता राज्याने २०१२ मध्ये स्वतंत्र पोषण सर्वेक्षण करवून घेतलं. त्यात दोन वर्षांखालच्या मुलांमधला हा खुजेपणा ३९ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर आल्याचं दिसलं. इतक्या थोड्या वर्षांत एवढी घट झाली, म्हणून त्याची चर्चा देशाबाहेरही झाली.

पुढे २०१५-१६ मध्ये पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांचा आकडा आला ३४ टक्के, आणि २०१९-२१ मध्ये ३५. घाईत वाचणारा म्हणेल, २३ चे ३४ झाले, सगळं वाया गेलं. तू तसं म्हणणार नाहीस, कारण वयोगट बदललाय हे तुला दिसेल. दोन ते पाच वर्षांची मुलं धरली की आकडा चढतो. ४६ वरून ३४ पर्यंतची उतरण खरी आहे. पण त्यानंतर आकडा जागचा हलला नाही, हेही खरं आहे. त्याच काळात दवाखान्यातली बाळंतपणं ९० टक्क्यांवरून जवळजवळ ९५ टक्क्यांवर गेली. सोय वाढली, तरी मुलांची उंची का वाढली नाही? आईचं वय, तिचं स्वतःचं वजन, दोन मुलांमधलं अंतर, सहाव्या महिन्यानंतरचं वरचं खाणं, पाणी, स्थलांतर, यातलं कुठे काय अडलंय? या प्रश्नावर मेहनत घेणारी माणसं राज्याला हवी आहेत. तू त्यातली एक व्हावीस, असं तुझं पत्र वाचताना सारखं वाटत होतं.

आणि एक उदाहरण तुझ्या घरातलंच आहे. तुझी आई बाळंतिणीच्या घरी ३ऱ्या, ७व्या, १४व्या, २१व्या, २८व्या आणि ४२व्या दिवशी जाते ना? त्या गृहभेटींचं मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथल्या ३९ गावांत आधी फक्त मोजलं. किती बाळं जन्मली, किती दगावली, कशाने दगावली. मग गावातल्याच बायकांना बाळाचं वजन करायला, श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवलं, आणि पुन्हा मोजलं. हजार जन्मांमागे सुमारे ६२ असलेला नवजात मृत्यूदर तीन वर्षांत २५ च्या आसपास आला. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत आशांमार्फत देशभर नेली. मोजणी आधी झाली होती, म्हणूनच सुधारणा झाली हे सिद्ध करता आलं. आईला हे सांग. आपण भरतो तो कागद कुठून आला, हे तिला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही.

कोर्सचं म्हणशील, तर तुझ्यासाठी माझी पहिली पसंती देवनारच्या त्याच संस्थेतल्या जैवसंख्याशास्त्र व लोकसंख्याशास्त्राच्या एमएस्सीला. तुझी पदवी तिथे सरळ उपयोगी पडते. प्रवेश परीक्षेचा अर्ज याच वर्षी भर, पात्रतेच्या अटी चालू माहितीपत्रकातच पाहा, कुणाच्या ऐकीव माहितीवर जाऊ नकोस. दुसरा पर्याय सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमपीएच. ती टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आहे, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आहे, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतही आहे. एमपीएच करणाऱ्यांत डॉक्टर बरेच असतात. त्यांच्यासोबत शिकण्याचा फायदा आहेच, पण तुझं संख्याशास्त्र तिथे मागे पडू शकतं. म्हणून आधी एमएस्सी कर, असं मी म्हणेन. एमपीएच नंतरही करता येतं. फक्त 'हेल्थ डेटा सायन्स' असं भारदस्त नाव लावून भरमसाट फी घेणारे खासगी कोर्स निघालेत, त्यांच्यापासून दूर राहा. शिकवणारे कोण आणि मागच्या विद्यार्थ्यांना नोकऱ्या कुठे लागल्या, याचं उत्तर मिळत नसेल तिथे पैसे भरू नयेत.

अनुसूचित जमातीतून अर्ज करणार असशील, तर जातवैधता प्रमाणपत्राचं काम आजच हाती घे. हुशार मुलांचे प्रवेश या एका कागदासाठी अडलेले मी पाहिले आहेत. महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावरची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, आदिवासी विकास विभागाचं वसतिगृह, आणि तिथे जागा मिळाली नाही तर बाहेर राहण्या-जेवण्याचा खर्च देणारी स्वयम् योजना, तिन्हींची चौकशी आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करून ठेव.

बाबांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. या क्षेत्रातल्या पुष्कळ नोकऱ्या कंत्राटी आहेत. राष्ट्रीय आरोग्य अभियानात जिल्ह्याला आकडेवारी पाहणारी, संनियंत्रण करणारी पदं असतात, पण ती मुदतीची. संशोधन प्रकल्प संपला की पगारही थांबतो. हे त्यांच्यापासून लपवू नकोस. पण कायम नोकरीचे दरवाजे तुझ्याच विषयात आहेत, हे त्यांना दाखव. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयात सांख्यिकी सहायक, अन्वेषक, सहायक संशोधन अधिकारी अशी पदं असतात. राज्याची आर्थिक पाहणी आणि प्रत्येक जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन तेच काढतात. यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवा परीक्षा पदवीवरही देता येते. दोन्हींचा अभ्यास एमएस्सीच्या अभ्यासाला जोडून होतो. बँकेच्या परीक्षेचा तसा होत नाही. बाबांकडे सरसकट परवानगी मागण्यापेक्षा मुदत माग. एमएस्सी आणि त्यानंतरचं एक वर्ष.

'सुधारण्याचं' असं तू लिहिलंस, म्हणून एक जादा गोष्ट. आपण आजार आणि मृत्यू मोजायला बऱ्यापैकी शिकलोय, पण माणूस बरा आहे का, सुखात आहे का, हे मोजण्यात अजून फार मागे आहोत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यं होती, त्यात महाराष्ट्र नव्हता. शेतकरी आत्महत्यांचं दुःख इतकी वर्षं सोसणारं राज्यच त्यातून सुटलं, याचं मला फार वाईट वाटतं. दुसरीकडे देवनारच्याच संस्थेने ४५ वर्षांवरच्या सुमारे ७२ हजार लोकांचा अभ्यास सुरू केला आहे. त्यात रक्तदाबाबरोबर हाताच्या पकडीची ताकद मोजतात, उदासी विचारतात, आयुष्याबद्दल समाधानी आहात का तेही विचारतात. हा अभ्यास जरूर वाच, पुढे संशोधनाचा विषय निवडताना उपयोगी पडेल.

धडगावकडची पावरी भाषा तुला येत असेल, तर ती अर्जात लिही. 'आवड' या रकान्यात नाही, कौशल्यात. "गेल्या २४ तासांत बाळाला काय खाऊ घातलं?" हा साधा प्रश्न मराठीत विचारला तर तुझ्या पाड्यावरची बाई दोन शब्दांत उत्तर देऊन मोकळी होते. तिच्या भाषेत विचारला तर ती भाकरीबरोबर काय होतं, काय संपलं होतं, सगळं सांगते. सर्वेक्षणाची गुणवत्ता तिथे ठरते. मुंबईच्या वर्गात हे कुणाला शिकवता येत नाही.

परीक्षा संपली की दोन महिने एक काम कर. चौथ्या आणि पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची नंदुरबारची जिल्हा माहितीपत्रकं उतरवून घे, ती मोफत मिळतात. कुठले आकडे बदलले, ते काढ. मग तो बदल खरा मानावा का, ते तपास. एका जिल्ह्यात साधारण ९०० घरंच निवडली जातात, आणि त्यांत पाच वर्षांखालची मुलं काही शेकड्यांतच सापडतात. दोन-तीन टक्क्यांचा फरक नुसत्या नमुन्यामुळेही पडू शकतो. विश्वास अंतराल, म्हणजे खरा आकडा ज्या दोन मर्यादांमध्ये असावा ती पट्टी, तुला काढता येतेच. रक्तक्षयाचा आकडा पाहताना तर थांबच. राज्यातल्या स्त्रियांमध्ये तो ४८ वरून ५४ टक्क्यांवर गेला, पण बोटाला टोचून घेतलेल्या थेंबावरून केलेल्या मोजणीबद्दल तज्ज्ञांत वाद झाला. सहाव्या सर्वेक्षणातून ती तपासणी वगळली गेली, आणि शिरेतून रक्त घेऊन वेगळं सर्वेक्षण करायचं ठरलं. दोन्ही बाजूंचं म्हणणं वाचून तुझं मत एका पानात मांड.

हे सगळं एक्सेलमध्ये सुरू कर, जमलं की 'आर' हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर शिक, ते फुकट आहे. आई-काकूच्या नोंदवह्यांतली मुलांची नावं मात्र तुझ्या लॅपटॉपवर किंवा व्हॉट्सॲपवर कधीही येऊ देऊ नकोस. ती माहिती त्या घरांची आहे.

ते पान आणि प्रवेश अर्जाचा मसुदा मला पाठव. मुलाखतीची तयारी त्यावरूनच करू. आणि शक्य असेल तर पुढच्या वेळी बाबांनाही फोनवर घे, त्यांच्याशी मला सविस्तर बोलायचं आहे.