जे जुळत नाही, ते आधी बघ

वर्तकनगर, ठाणे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

जंगल-मोजणीच्या तुझ्या नव्या कामाबद्दल परवा जिन्यात तू दोन प्रश्न विचारलेस. फोनवर निळं टिंब दिसत असताना कंपास, म्हणजे होकायंत्र, कशाला शिकायचा, हा पहिला. नकाशावर ठरलेल्या बिंदूपर्यंत पोहोचता आलं नाही तर झाडं मोजायचा तुकडा, म्हणजे प्लॉट, रस्त्यालगत कुठेतरी टाका, जंगल तेच आहे, असं टीममधले सीनियर म्हणाले, तर काय करायचं, हा दुसरा. तुला ते दोन वेगळे प्रश्न वाटले. मला ते एकच वाटतात, म्हणून जिन्यात उत्तर दिलं नाही.

धीर देत बसणार नाही. पहिल्या मोसमात मुरबाडच्या रानात सगळेच भरकटतात. तू कारवीच्या झुडपांतून ओरबाडून का होईना बाहेर आलीस, पुरे झालं.

आधी एक फरक समजून घे. ट्रेकर वाट जाते तिथे जातो, आपण बिंदू पडला तिथे जातो. ऑफिसात कुणीतरी नकाशावर जाळी टाकली आणि चौकोनात एक बिंदू पडला. त्या बिंदूला कडा माहीत नाही, कारवी माहीत नाही, तुमची जेवायची वेळ माहीत नाही. म्हणून तर त्याला किंमत आहे. सगळ्यांनी रस्त्याकडेचीच झाडं मोजली, तर अहवालात रस्त्याकडचंच जंगल येणार, म्हणजे जिथे सरपण तुटतं, गुरं चरतात, वणवा आधी पोहोचतो ते. ‘जंगल तेच आहे’ म्हणणारा माणूस वाईट नसतो गं, दमलेला असतो. पण दमलेल्या माणसाचा आकडा आणि खरा आकडा तक्त्यात शेजारी शेजारी बसले की पुढे कुणालाच ओळखू येत नाहीत.

आता माझं तुणतुणं. आमच्या वेळच्या सगळ्या पोरांना ते पाठ होतं आणि माझ्या पाठीमागे त्याची नक्कलही व्हायची. जे जुळत नाही, ते आधी बघ.

नकाशा हातात आला की माणूस जुळणाऱ्या गोष्टी शोधायला लागतो. डावीकडे डोंगर, आहे. उजवीकडे ओढा, आहे. समोर चढ, आहे. झालं, पोहोचलो! लग्न करायचंच ठरवून बसलेल्या घरात पत्रिकेचे गुणही भराभर जुळतात, तसं. आपल्या सह्याद्रीत तर हे फारच सोपं होऊन बसतं. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर आडवा पसरला आणि पुढे पाण्याने तो कापून काढला. म्हणून घाटाखाली डोंगराची सोंडेमागून सोंड एकाच घडणीची: सपाट पदर, कडा, पुन्हा पदर. या सोंडेवर जे दिसतं ते शेजारच्या सोंडेवरही दिसतंच. त्यामुळे जुळलं, याला काही अर्थ नाही. नकाशात ओढा नैर्ऋत्येला वळतोय आणि पायाखालचा वायव्येला चाललाय, याला अर्थ आहे. उतार पश्चिमेकडे हवा आणि कंपास धरल्यावर तो उत्तरेकडे निघतो, याला अर्थ आहे. अशा वेळी ‘ओढ्याने पात्र बदललं असेल’ असं पुटपुटायचं नाही. कातळातला ओढा तुझ्या सोयीने वळत नाही.

पण नकाशाचंही सगळं खरं मानू नकोस. १:५०,००० च्या टोपोशीटवर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर, आणि समान उंचीची रेषा, कंटूर, साधारण २० मीटरला एक. म्हणजे १५ मीटरचा कडा दोन कंटूरांच्या मध्ये गडप होऊ शकतो. कागदावर सरळ उतार, आणि तू काठावर उभी. शिवाय माणसाने केलेलं बदलतं: पायवाटा, पाडे, शेतं, अडवलेलं पाणी. बारवी धरणाची उंची वाढली, तिथे जुन्या शीटवरच्या ओढ्याच्या जागी आज पाणी उभं आहे. धार, खिंड, दोन ओढ्यांचा संगम मात्र जागच्या जागी असतात. ढोरवाट जुळली नाही तर सोडून दे. धार जुळली नाही तर थांब.

कंपासचं प्रात्यक्षिक आपल्या गच्चीवरच होईल. लिफ्टच्या खोलीला खेटून उभी राहा आणि मुंब्र्याच्या डोंगराचं बेअरिंग घे, म्हणजे तो उत्तरेपासून किती अंशांवर आहे ते बघ. मग त्याच रेषेत दहा पावलं पुढे जाऊन पुन्हा घे. डोंगर हलला नाही, आकडा हलेल. स्लॅबमधल्या सळया, टाकीचे पाइप, मोटर, सगळे सुईला ओढतात. रानात हेच काम उच्च दाबाच्या तारांचे लोखंडी मनोरे करतात, मदतनीसाच्या हातातला कोयता करतो, आणि तुझ्या फोनचं ते चुंबकाचं कव्हरही. बेसॉल्टच्या माथ्यावर वीज पडलेली असली तर खडकच सुईला फिरवतो. म्हणून ‘अ’वरून ‘ब’चं बेअरिंग घेतलंस की ‘ब’वर जाऊन ‘अ’चं उलट बेअरिंग घ्यायचं. दोन्हींत १८० अंशांचा फरक यायला हवा. आला नाही तर दोनपैकी एका जागी काहीतरी सुईला ओढतंय. बघ, पुन्हा तेच आलं, न जुळणारं.

कारवीत शिरल्यावर तर लांबचं काही दिसतच नाही. कारवी डोक्याच्या वर जाते, काठ्या एकमेकींत अडकलेल्या, चिकट पानांचा वास कपड्यांना लागून राहतो, आणि दोन हातांपलीकडे फक्त हिरवं. तिथे सुईकडे बघत नाकासमोर चालायचं नाही. झुडपं टाळताना माणूस कळत-नकळत एकाच अंगाला सरकत राहतो. मदतनीसाला पुढे पाठव, तो दिसेनासा व्हायच्या आत हाक मार, ‘डावीकडे एक पाऊल, अजून थोडं, बास’ करत त्याला बेअरिंगवर उभा कर, मग तू त्याच्यापर्यंत जा. दहा-बारा मीटर झाले. मागे वळून उलट बेअरिंग बघ, पावलं वहीत लिही, पुन्हा त्याला पाठव. एका अंशाची चूक किलोमीटरमागे १७ मीटर सरकवते, पाच अंशांची ८७. आणि बिंदू ओढ्याकाठी असेल तर नेम थेट त्याच्यावर धरायचाच नाही, मुद्दाम वरच्या अंगाला धरायचा. म्हणजे ओढा लागला की कुठल्या हाताला वळायचं यावर वाद होत नाही.

असं भरकटण्याला गावाकडे चकवा लागला म्हणतात, आणि त्याला हसायचं कारण नाही. जर्मनीतल्या संशोधकांनी २००९ साली प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना अनोळखी जंगलात सरळ चालायला सांगितलं, तर सूर्य ढगाआड असलेल्या दिवशी ती गोल फिरून आपलीच वाट ओलांडत होती, आणि त्यांना पत्ताही नव्हता. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने ढगच असतात.

फोन वापर, मी कुठे नको म्हणते? पण अक्षांश-रेखांश मोजायचा पाया, म्हणजे डेटम, जुन्या शीटांचा एव्हरेस्ट आहे आणि जीपीएसचा डब्ल्यूजीएस-८४. एकावरचे अक्षांश-रेखांश दुसऱ्यात तसेच भरलेस तर बिंदू शंभरेक मीटर सरकू शकतो, म्हणजे ओढ्याच्या पलीकडे, दुसऱ्या सोंडेवर. खोल घळीत, ओल्या झाडोऱ्याखाली टिंब उड्या मारतं ते वेगळंच. टिंबाला संशय येत नाही. तो तुलाच यायला हवा.

गावातला माणूस बरोबर असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. ठाकरवाडीतल्या मामांना नकाशा लागत नाही. फक्त ‘हीच वाट ना?’ असं विचारू नकोस. शिकलेल्या पाहुणीला ‘नाही’ म्हणणं त्यांना बरं वाटत नाही, ‘हो’ म्हणून मोकळे होतात. ‘ही वाट कुठं जाते?’ असं विचार आणि गप्प बस.

आता ते सांगते, जे तुझ्या आईने तुला अर्धवट सांगितलं असेल. घाटाखालच्या एका कामावर, ऐन श्रावणात, धुकं उतरलेलं असताना आमच्या प्रमुखांनी ठरवलं की हीच सोंड. मी म्हटलं, ओढा उलट्या अंगाने वाहतोय. ते म्हणाले, बाकी सगळं जुळतंय. ‘बायकांना दिशा कळत नाहीत’ हेही कुणीतरी म्हणालं, आणि बाकीचे हसले. मी दगडावर बसले. पुढे जाणार नाही, दोन ओढ्यांच्या संगमावर परत जाऊ, आपली शेवटची खात्रीची जागा ती आहे, असं म्हटलं. ते पुढे गेले. मी आणि एक मदतनीस संगमावर परतलो, तोवर उजेड सरला. माझ्या फॉर्मवर मी लिहिलं, ‘बिंदूवर पोहोचले नाही’. त्यांच्या फॉर्मवर झाडांचे घेर, उंची, सगळे रकाने भरलेले. पुढच्या मोसमात मला बोलावणं आलं नाही. हेकट बाई, टीममध्ये मिसळत नाही, असं म्हणत होते म्हणे.

ती सोंड कुठली होती, ते मला आजही माहीत नाही. पुन्हा जाऊन बघायला हवं होतं. राहून गेलं, आणि ते अजून टोचतं. कदाचित तेच बरोबर असतील. असोत! तरी त्या घडीला त्यांच्याकडे तसं म्हणायला आधार नव्हता आणि माझ्याकडे न म्हणायला होता. तू म्हणशील, मावशी अजून तेच भांडण भांडतेय. भांडतेय. ‘पोहोचले नाही’ ही सुद्धा माहितीच आहे, तिथे पोहोचणं अवघड आहे हे त्यातून कळतं. शेजारून उचललेला आकडा त्या बिंदूबद्दल काहीच सांगत नाही.

तेव्हा सीनियरांशी वाद घालू नकोस, तत्त्वज्ञान तर मुळीच सांगू नकोस. प्लॉट टाकलात तिथलेच अक्षांश-रेखांश लिही, मूळ बिंदूपासूनचं अंतर आणि बेअरिंग लिही, का सरकलात ते एका ओळीत लिही, आणि खाली तुझी सही कर. ते खोडायचं असेल तर ज्याला खोडायचं त्याने स्वतःच्या हाताने खोडावं.

तुझी,
मावशी

ता. क. रविवारी सातला गच्चीवर ये. मी ४७ ए/१६ काढून ठेवते, ठाण्याची शीट तीच. बेलापूरला तुझं ऑफिस आहे ते ४७ ई/४ वर, म्हणजे रोज लोकलने जाता-येता तू शीट बदलतेस आणि तुला खबर नाही. पेन्सिल आण, पेन नको, पावसात शाई पसरते. आणि ते फोनचं कव्हर घरीच ठेव.