ब्रेस्ट कॅन्सरचे उपचार संपतात न संपतात तोच मुतखडा निघाला. हे कसं सोसायचं, आणि सांगायचं कुणाला?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. केमो आणि शेक (रेडिएशन) संपून आठ महिने झाले, लेट्रोझोल ही हार्मोनची गोळी रोज चालू आहे, आणि आता सोनोग्राफीत उजव्या किडनीत ६ मिलिमीटरचा खडा दिसलाय. शेवटी तुम्ही लिहिलंय, "घरच्यांनी वर्षभर इतकं केलं, आता परत नवीन दुखणं घेऊन त्यांच्यासमोर उभं राहायची लाज वाटते." त्या एका वाक्यासाठी मी लिहायला बसले.

मी सांगलीची, विश्रामबागेत राहते. डाव्या बाजूचं ऑपरेशन, काखेतल्या गाठी काढलेल्या, लाल रंगाच्या औषधाच्या चार केमो, मग दर आठवड्याच्या बारा, आणि पंधरा शेक. हे सगळं संपून चौदा महिने झाले होते. मे महिना होता. रात्री अडीचला उजव्या कमरेत अशी कळ उठली की मी अंथरुणावरून खाली फरशीवर आले. मुतखड्याचा विचार मनात आलाच नाही. आपल्यासारख्या बाईच्या मनात तो येतच नाही. कमरेत दुखलं की डोक्यात एकच येतं, हाडात गेलं.

मिस्टर मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर कामाला आहेत. दिवसभर उभं राहून आलेले, गाढ झोपलेले. त्यांना उठवायचं धाडस होईना. तुम्ही म्हणता तीच लाज. मी स्वयंपाकघरात जाऊन तासगावच्या ताईंना फोन लावला.

या ताई मला मिरजेत केमोच्या खुर्चीवर भेटल्या. आम्ही चौघींचा मंगळवार एकच असायचा: तासगावच्या ताई, आष्ट्याच्या वहिनी, मिरजेच्या एक निवृत्त शिक्षिका बाई आणि मी. ताईंचा आजार पहिल्यापासूनच मणक्यात उतरलेला. हाडांसाठीचं इंजेक्शन त्या आजही घेतात. त्यांनी दुसऱ्या रिंगला फोन उचलला. मी रडत म्हटलं, "ताई, माझं हाडात गेलं." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "तुझ्या बांगड्या वाजायल्यात. तू फेऱ्या मारतीयास व्हय?" मी खरंच मारत होते. ओट्यापासून दारापर्यंत, परत ओट्यापर्यंत. बसवत नव्हतं, झोपवत नव्हतं. ताई म्हणाल्या, "अगं, माझं मणक्याचं दुखतं तेव्हा मी कूस बदलायलासुद्धा भिते. तू तर घरभर फिरायलीस. हे काहीतरी निराळं दिसतंय. पण मी काय डाक्टर न्हाई. त्यांना उठीव आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. मी फोन ठेवत न्हाई."

त्यांनी खरंच ठेवला नाही. मिस्टर उठले, शर्ट घातला, गाडी काढली, तोपर्यंत त्या पलीकडं होत्या.

त्यांचा अंदाज बरोबर निघाला म्हणून सांगते, पण तो अंदाजच होता, आणि हे त्यांनाही माहीत होतं. खड्याची कळ लाटेसारखी येते. कमरेतून पोटाच्या बाजूनं जांघेकडं उतरते, मळमळतं, कुठल्याच कुशीवर आराम पडत नाही. हाडाचं दुखणं बहुतेक वेळा एका जागी ठाण मांडून बसतं आणि हललं की वाढतं. तरीपण कॅन्सर होऊन गेलेल्या बाईनं नुसत्या लक्षणांवर निवाडा करू नये. माझा साधा सीटी झाला, शिरेतून डाय न देता. खड्यासाठी तोच सगळ्यात खात्रीचा. त्यात उजव्या किडनीतून मूत्राशयाकडं जाणाऱ्या नळीत ७ मिलिमीटरचा खडा दिसला, आणि जेवढी हाडं दिसत होती ती स्वच्छ होती. तो रिपोर्ट ऐकून मी कळ चालू असताना हसले. नर्सला काही कळेना.

त्या रात्रीची एक गोष्ट मात्र अजून सलते. कॅज्युअल्टीतल्या मुलानं बीपीचा पट्टा सरळ डाव्या हाताला गुंडाळला आणि सलाईनची सुईही त्याच हातात शोधायला लागला. काखेतल्या गाठी काढल्यावर त्या हाताला सूज येऊ नये म्हणून सुई, बीपी तिथं टाळायचं, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून सांगितलेलं. पण कळेत तोंडातून शब्द फुटत नव्हता, आणि मिस्टर कागद भरायला गेले होते. आष्ट्याच्या वहिनींना हे कळलं तेव्हा त्यांनी दुसऱ्या दिवशी लाल कापडाची पट्टी शिवून आणली आणि त्यावर खडूनं नाही, धाग्यानं लिहिलं: 'हा हात नको.' पुढच्या प्रत्येक भेटीला ती मनगटावर बांधून गेले. तुम्हीही आत्ताच एक करून पिशवीत ठेवा.

आता तुमच्या खड्याबद्दल. तो किडनीतच बसलेला आहे की नळीत उतरलाय, हे आधी विचारून घ्या, कारण सगळं त्यावर आहे. किडनीत शांत बसलेला ६ मिलिमीटरचा खडा न दुखता वर्षानुवर्षं राहू शकतो, आणि डॉक्टर कदाचित नुसतं लक्ष ठेवायला सांगतील. नळीत उतरलेला ५ मिलिमीटरच्या आतला खडा बहुतेक वेळा आपोआप पडतो. त्याहून मोठा झाला की ती शक्यता कमी होत जाते. मला टॅमसुलोसिन देऊन काही दिवस वाट पाहिली. ती गोळी नळी सैल करते, पण बीपीही थोडं उतरवते. पहिल्याच दिवशी बाथरूममधून झटकन उठताना डोळ्यांपुढं अंधारी आली. उठताना आधी काठावर बसायचं, मग उभं राहायचं. दहाव्या दिवशी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीवरचा ताण दाखवणारा आकडा, वाढलेलं आलं, म्हणून दुर्बिणीनं लेझर करून खडा फोडला आणि आत स्टेंट, म्हणजे लघवीची वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी, ठेवला.

वेदनाशामक इंजेक्शनं, गोळ्या मनानं घेऊ नका. डायक्लोफेनॅकसारखी औषधं कळीवर चांगली लागू पडतात, पण किडनीवर ताण असताना किती घ्यायची हे डॉक्टरच ठरवणार. आणि जिथं जाल तिथं पहिल्या वाक्यात सांगा: कॅन्सर होता, अमुक औषध चालू आहे, हाडांचं इंजेक्शन आहे की नाही. ते इंजेक्शन देण्याआधी किडनी तपासतात, त्यामुळं कॅन्सरच्या डॉक्टरांना खड्याचं कळलंच पाहिजे.

एका बाबतीत थांबायचंच नाही. खडा आहे आणि थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट बघायची नाही. अडकलेल्या लघवीत जंतू वाढले तर ते रक्तात जायला वेळ लागत नाही. केमोच्या दिवसांत थर्मामीटर उशाशी असायचा ना? १००.४ दिसलं की फोन. तोच नियम परत लावा. लघवी अजिबात होत नसेल किंवा उलट्यांनी पाणी ठरत नसेल, तरीही तसंच.

हा खडा आला कुठून, हे मला शिक्षिका बाईंनी शोधून दिलं. त्या घरी आल्या, वही काढली, आणि म्हणाल्या, "सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय घेतेस ते सांग. काही लपवू नकोस." सांगत गेले तशी त्या लिहीत गेल्या. रक्त वाढावं म्हणून रोज बीटचा रस, त्यात पालक. ताकद यावी म्हणून भिजवलेले दहा-बारा बदाम. आणि कॅन्सर परत येऊ नये म्हणून, सांगलीचीच मी, घरात हळदीला काय तोटा, सकाळी कोमट पाण्यात मोठा चमचाभर हळद. वही पुढं करून त्या म्हणाल्या, "यातलं प्रत्येक प्रेमानं कुणी ना कुणी सांगितलंय. आता ही यादी किडनीच्या डॉक्टरांना दाखव."

डॉक्टरांनी यादी वाचली आणि पेनानं एकेक गोल केला. बीट, पालक, बदाम, हळद, सगळ्यांत ऑक्झलेट नावाचा क्षार भरपूर. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, आणि पुढं माझाही तसाच निघाला. भाजीतल्या चिमूटभर हळदीनं काही होत नाही. रोजची चमचाभर किंवा हळदीच्या कॅप्सूल ही गोष्ट वेगळी. आपल्याला बरं वाटावं म्हणून जो तो जे पाजतो, त्यात खड्याला लागणारं सगळं येतं, हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं. म्हणून तुम्हाला सांगते. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या गोळ्या घेत असाल तर त्याही दाखवा. टोमॅटोला मात्र लोक उगाच नावं ठेवतात, त्यात ऑक्झलेट कमीच असतं.

कॅल्शियमच्या गोळीवरून तुमच्या घरी नक्की वाद होणार: "खडा कॅल्शियमचा, मग गोळी बंद कर." बंद करू नका. लेट्रोझोलनं हाडं विरळ होतात, त्यासाठी ती दिलेली असते. अमेरिकेत ३६ हजारांवर बायकांवर सात वर्षं अभ्यास झाला होता, त्यात कॅल्शियम आणि डी व्हिटॅमिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत खड्याचं प्रमाण १७ टक्क्यांनी जास्त दिसलं, हे खरं आहे. पण गोळी कशी घेतो याचाही फरक पडतो. मी दोन्ही गोळ्या सकाळी उपाशीपोटी चहाबरोबर टाकत होते. आता एक दुपारच्या जेवणात, एक रात्रीच्या. जेवणातलं ऑक्झलेट आतड्यातच कॅल्शियमला चिकटतं आणि शौचावाटे जातं, लघवीपर्यंत पोचत नाही. डॉक्टरांनी गोळीही सायट्रेटची करून दिली. ताक, दूध चालू ठेवलं. मीठ मात्र कमी केलं, कारण मीठ वाढलं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. लोणचं, पापड, भडंग यांच्यावर हात आखडला. भडंगाचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

पाणी किती प्यायचं, याचा सगळे उपदेश करतात. मला डॉक्टरांनी उलटं शिकवलं: प्यायलेलं नाही, झालेलं मोजायचं. दिवसाला अडीच लिटर लघवी व्हायला हवी. जुन्या बाटलीवर खुणा करून एक दिवस मोजलं, तर जेमतेम सव्वा लिटर. त्या मे महिन्यात, इथल्या उन्हात, मी केमोनं बिघडलेल्या तोंडाच्या चवीमुळं पाणी टाळत होते, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. लिंबू पिळलेलं पाणी जातं आणि लिंबातलं सायट्रेट खड्याला आडवंही येतं. फक्त मीठ-साखर घालून सरबत करू नका. आणि लाल केमोनं किंवा ट्रास्टुझुमॅब या कॅन्सरच्या इंजेक्शननं हृदय थोडंही कमजोर झालेलं असेल, तर इतकं पाणी पिण्याआधी विचारायलाच हवं.

हुलग्याचं माडगं मी आवडीनं पिते, पण कॅल्शियमचा खडा त्यानं विरघळतो असं समजून थांबू नका. पुडीवर नाव नसलेली 'खडा पाडायची' औषधं तर नकोतच. त्यात काय असतं कुणाला ठाऊक, आणि आपली किडनी आधीच बरंच सोसून बसलेली.

स्टेंटचे पंधरा-वीस दिवस कळीपेक्षा चिकट असतात. सारखी लघवीची घाई, जळजळ, मधूनच गुलाबी रंग. त्या काळात तिघींपैकी कुणी ना कुणी रोज संध्याकाळी फोन करायची, आणि कुणीच "होईल सगळं ठीक" म्हणायची नाही. वहिनी विचारायच्या, "आज किती वेळा उठलीस?" बस, एवढंच. मी म्हणायचे अकरा. त्या म्हणायच्या, काल तेरा होते. स्टेंट काढायची तारीख तिघींनी आपापल्या घरच्या कालनिर्णयवर लिहून ठेवली होती. स्टेंट विसरून आत राहिला तर त्यावरच खडे जमतात, हे डॉक्टरांनी सांगितल्यापासून. खड्याचा भुगा पकडायला जुनी चहाची गाळणी घेतली होती. दोन तपकिरी कण मिळाले, ज्वारीच्या दाण्याहूनही बारीक, काटेरी. डबीत घालून तपासायला दिले. तुमचा पडला तर टाकू नका, तपासून घ्या.

घरच्यांचं विचारलंत. मी मिस्टरांना नंतर सांगितलं, की उठवायला लाज वाटत होती. त्यांनी काहीच उत्तर दिलं नाही. पण तेव्हापासून रात्री झोपताना त्यांची चप्पल आणि गाडीची किल्ली उंबऱ्याजवळ असते.

आणि गेल्या महिन्यात रात्री सव्वादोनला तासगावच्या ताईंचा फोन आला. मी उचलला, तर पलीकडं काहीच वाजत नव्हतं, नुसता श्वास. मी दिवा लावला, पाण्याचा तांब्या जवळ घेतला, आणि त्यांची सून रिक्षा घेऊन येईपर्यंत फोन ठेवला नाही.