मुक्तस्रोत प्रकल्पातील पहिले पाऊल

प्रश्न : मी संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात शिकते. एका मुक्तस्रोत (ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या) वेब ॲप्लिकेशनला हातभार लावण्याची इच्छा आहे. परंतु कोड उतरवून घेतला, तरी ‘डेटाबेसची जोडणी नाकारली’ असा संदेश येऊन ते लॅपटॉपवर सुरूच होत नाही. काय करावे?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : हा संदेश बहुधा कोडमधील चूक दाखवत नाही, दिलेल्या पत्त्यावर आणि पोर्टवर (जोडणीच्या क्रमांकित दारावर) डेटाबेस जोडणीची वाट पाहत नाही, एवढेच तो सांगतो. डेटाबेस पोस्टग्रेस या प्रणालीचा असल्यास तो सुरू आहे का आणि पोर्ट ५४३२ हाच आहे का, हे प्रथम तपासा. ॲप्लिकेशन डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनात, चालवत असाल, तर ‘लोकलहोस्ट’ म्हणजे तुमचा लॅपटॉप नव्हे, तर तो कंटेनरच, आणि म्हणून डेटाबेसही वेगळ्या कंटेनरमध्ये असल्यास पत्त्याच्या जागी डॉकरच्या मांडणीत त्याला दिलेले सर्व्हिसचे नाव लिहावे लागते. नवख्यांचे दिवसच्या दिवस येथेच खर्ची पडतात, हे मी वारंवार पाहिले आहे. पासवर्ड असलेली ‘डॉट एन्व्ह’ (.env) ही सेटिंग्जची फाइल मात्र कधीही कमिट करू नका, म्हणजे कोडच्या इतिहासात नोंदवू नका.

ॲप्लिकेशन सुरू झाले की रीडमी या प्रकल्पाच्या माहिती-सूचनांच्या फाइलमध्ये जी पायरी लिहिलेली नव्हती आणि जिथे तुम्ही अडलात, तीच स्वतंत्र ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या शाखेवर) लिहून पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घेण्याची विनंती) पाठवा. माझ्या मते पहिले योगदान म्हणून याहून उपयुक्त काही नाही, कारण जुन्या सहभागींना ती उणीव आता दिसत नाही.