सोलहून सकाळी जाऊन रात्री परत: बुसानला एक दिवस पुरेल का?

आईबाबांना घेऊन ऑक्टोबरात सात दिवस कोरियाला जाणार आहोत, बुसान सोलहून एका दिवसात करता येईल का, असं तुम्ही विचारलंय. येईल. केटीएक्स ही वेगवान रेल्वे अडीच-पावणेतीन तासांत पोचवते. पण असं करू नका. वयस्कर माणसं बरोबर असताना तर अजिबातच नाही.

बुसान 'करायचं' हा शब्द माझ्या दादाचा. २०२३च्या ऑक्टोबरात मी नोकरीनिमित्त सोलला होते आणि तो आईला घेऊन पुण्याहून आला. फोनमध्ये तक्ता तयार होता: गामचॉन, जागालची, हेउंदे, योंगगुंगसा, संध्याकाळी सातची परतीची गाडी. मी म्हटलं, आधी नकाशा बघ. हे शहर पुण्यासारखं गोल पसरलेलं नाही. डोंगराच्या रांगा थेट समुद्रात उतरतात आणि त्यांच्या मधल्या फटींत वस्ती आहे. गामचॉन नैऋत्येला, योंगगुंगसाचं देऊळ पार ईशान्येला गिजांगमध्ये. मेट्रो आणि बस मिळून एका बाजूचा दीड तास जातो. तो म्हणाला, "मेट्रो आहे ना, मग झालं."

गामचॉनला डोंगरउतारावर घरांच्या पायऱ्या-पायऱ्या आहेत. १९५०च्या युद्धात उत्तरेकडून आलेले निर्वासित अशाच उतारांवर राहिले. युद्धाच्या बहुतेक काळात बुसानच देशाची तात्पुरती राजधानी होती. भिंतींवरचे रंग २००९ नंतरचे. तिथल्या चढउतारांतच आईचे गुडघे बोलायला लागले.

मग जागालचीचा मासळीबाजार. आई मालवणची. लहानपणी आजीबरोबर रोज बंदरावर लिलावाला जायची. पुण्यात चाळीस वर्षं काढली तरी मासा कल्ल्याखाली बोट घालून बघितल्याशिवाय घेत नाही. जागालचीत विकायला बसतात त्या बहुतेक बायकाच. युद्धानंतर घर चालवायला पाट्या घेऊन बसलेल्या बायकांनीच हा बाजार उभा केला. त्यांना तिथे 'जागालची आजुम्मा' म्हणतात, म्हणजे आपल्या मावश्याच. आई एका पाटीसमोर थांबली आणि म्हणाली, "आपलोच बांगडो गो, पाठीर तेवढी नक्षी येगळी." बांगड्याचा हा भाऊबंद बुसानने आपला शहरमासा म्हणून जाहीर केलाय, हे मी तिला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. वाकटी ओळखली, माकूल ओळखलं.

तिथून योंगदो पुलाकडे जाताना सुक्या मासळीची दुकानं लागतात. वास आला आणि आईची चालच बदलली. एका म्हाताऱ्या आजुम्माने तिच्या तळहातावर सुके मासे ठेवले, बसायला स्टूल सरकवलं. मी मध्ये दुभाषी म्हणून उभी राहिले, पण माझी गरजच पडली नाही. किती दिवस उन्हात, मीठ किती, डोकं काढायचं की ठेवायचं, सगळं हातांनी चाललं होतं.

शनिवार होता, दीड वाजला होता. योंगदो पूल तेव्हा शनिवारी दुपारी दोनला उचलायचे. हा पूल १९३४चा. १९६६ साली उचलणं बंद झालं आणि दुरुस्तीनंतर २०१३मध्ये पुन्हा सुरू झालं. युद्धात ताटातूट झालेली माणसं "योंगदो पुलावर भेटू" एवढंच बोलून निघायची. हरवलेलं माणूस जिवंत आहे का, हे सांगणारे ज्योतिषी पुलाखाली रांगेने बसायचे. हे मी आईला सांगत होते, ती ऐकत होती, आणि दादाने घड्याळ बघितलं. "अजून दोन ठिकाणं राहिलीत."

आम्ही उठलो. हेउंदेला वाळूत दहा मिनिटं. योंगगुंगसा समुद्राच्या खडकांवर आहे, खाली उतरायला १०८ पायऱ्या. आई वरच्या बाकावर बसून राहिली. दादा खाली जाऊन फोटो काढून आला आणि तिला फोनवर देऊळ दाखवलं.

दादा अजून म्हणतो, एका दिवसात आईला चार ठिकाणं दाखवली. आई त्या दिवसाबद्दल एकाच बाईविषयी बोलते, आणि मध्येच विचारते, "तो पूल मगे उघडलो काय गो?" आता तिला जिनाही चढवत नाही.

तर दोन रात्री ठेवा. हॉटेल हेउंदेला घेऊ नका, सगळे तेच करतात. नाम्पो किंवा बुसान स्टेशनच्या बाजूला घ्या. मेट्रोच्या एक नंबर लाइनवर सगळं जुनं शहर हाताशी येतं. पहिला दिवस बाजार, सुकी मासळी, पूल, एवढाच. जागालचीच्या इमारतीत खाली मासा घेऊन वरच्या मजल्यावर शिजवून मिळतो. दुसऱ्या दिवशी गिजांगला सरळ टॅक्सी करा आणि पायऱ्या मोजून मगच आईबाबांना विचारा. रस्ते शोधायला नेव्हर (Naver) या कोरियन अॅपचा नकाशा वापरा, गूगल तिथे पायी रस्ता धड सांगत नाही.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. आईबाबा शाकाहारी असतील तर जागालचीत त्यांचं मन रमणार नाही, आणि भाजीच्या सूपमध्येही सुक्या माशांचं पाणी असतं. मग बोमोसाच्या डोंगरातल्या देवळाला वेळ द्या. आणि चुसॉकची, म्हणजे तिथल्या सुगीच्या सणाची सुट्टी तुमच्या तारखांत येत असेल तर गाडीची तिकिटं मिळणं मुश्किल, आधी तारखा बघा.

सात दिवसांत दोन रात्री निघतच नसतील तर बुसान वगळा. जाणारच असाल तर पुलाची वेळ तेवढी आधी नक्की करून घ्या, आणि त्या दिवशी दोनच्या आसपास दुसरं काहीही ठेवू नका.