रोज खिशात ठेवायला मिटणारा चाकू कोणता घ्यावा: ओपिनेल नं. ६ की व्हिक्टोरिनॉक्स कॅडेट?

पार्सल उघडणं, दोरी कापणं, मधूनच एखादा स्क्रू आवळणं एवढंच काम असेल तर कॅडेट घ्या. दोन्ही वापरून सांगतोय. कॅडेट मिटल्यावर ८४ मिमी लांब आणि चपटा असतो, त्यामुळे खिशात जाणवत नाही. शिवाय डबा आणि बाटली उघडायच्या पात्यांची टोकं स्क्रू ड्रायव्हरची असतात, आणि खरं सांगायचं तर चाकूच्या पात्यापेक्षा तीच जास्त वापरली जातात! ओपिनेलची मूठ गोल लाकडी, खिशात फुगवटा दिसतो. ती भिजली की लाकूड फुगतं आणि पातं बाहेर काढताना नखं दुखतात. कापायला मात्र ओपिनेलच सरस. त्याचं साधारण ७ सेंमीचं पातळ पातं फळातून अलगद जातं. फक्त ते कार्बन स्टीलचं असेल तर लगेच पुसून ठेवावं लागतं, नाहीतर गंजतं, स्टेनलेसचंही मिळतं.

एक मात्र लक्षात ठेवा: कॅडेटचं पातं लॉक होत नाही, नुसत्या स्प्रिंगवर उभं राहतं. टोकाने भोक पाडायला गेलात तर ते बोटांवर मिटू शकतं. तसली कामं बरीच असतील तर फिरवून पातं अडकवायची कडी असलेला ओपिनेलच घ्या.