जूनमध्ये माहेरी गोव्याला येताय ना, मग घरच्यासारख्या या

प्रश्न न्यू जर्सीच्या एका ताईंचा आहे. माहेर फोंड्याजवळ, सासर पुण्यात, मुलगा दहा वर्षांचा, मुलगी सहाची. दर वर्षी काही ना काही निघत राहिलं आणि येणं राहून गेलं, आता शेवटी जूनच्या अखेरीस तीन आठवड्यांसाठी येतायत. आई रोज फोनवर विचारते काय काय करून ठेवू, नवऱ्याला कळंगुटला रिसॉर्ट बुक करून आईबाबांनाही तिथे न्यायचंय, आणि सासूबाई म्हणतात अर्धे दिवस तरी पुण्याला हवेत. सगळ्यांचं मन कसं राखू, असं विचारतायत.

ताई, सगळ्यांचं मन राखायचं हे आधी डोक्यातून काढून टाका. पुण्याचे दिवस सलग ठेवा आणि ते आत्ताच सासूबाईंना तारखेसकट सांगून मोकळ्या व्हा, म्हणजे मधल्या उड्या मारणं बंद होईल. तारीख पक्की कळली की म्हातारी माणसं निम्मी शांत होतात, "बघू, आल्यावर ठरवू" याचा त्यांना फार त्रास होतो.

आता आईचं. ती काय काय करून ठेवू विचारते ना, तिला खरं खरं सांगा की तुम्ही पावसात येताय. अमेरिकेतल्या शाळा सुटेपर्यंत इकडे मानकुराद आंबा संपलेला असतो, पहिला मोठा पाऊस झाला की आंब्यात किडे पडतात, आणि मग "पोरांना आंबे मिळाले नाहीत" म्हणून तीच हळहळत बसते. रस काढून फ्रीझरमध्ये ठेव म्हणावं, आंब्याची साटं (आंबापोळी) घाल म्हणावं, मे महिन्याचं ऊन आहे तोवर ती होतात. माशांचंही तेच, 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद असतात, बाजारात मिळतं ते नदीतलं नाहीतर बाहेरून आलेलं आणि भाव विचारूच नका, तेव्हा जावयाला रोज इसवण, म्हणजे सुरमई, तळून घालायचा हट्ट आईने धरला तर बाबांच्या पेन्शनवर येतं. सुक्या सुंगटांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, किसमूर आणि सोलकढी भाताबरोबर जावईसुद्धा आवडीने खातो, त्याने फक्त तसं तोंडाने म्हणायला हवं.

तुमच्या पत्रात एक माणूस आलंच नाही, ती म्हणजे वहिनी. आई बेत ठरवते पण गाद्या उन्हात घालणं, डबे भरणं, वरची खोली झाडून काढणं हे तीच करते, आणि जूनमध्ये तिच्या मुलांची शाळा चालू झालेली असते, म्हणजे तुमची मुलं सुट्टीत आणि तिचे डबे, युनिफॉर्म, भर पावसात न वाळणारे सॉक्स सगळं चालूच. कृपा करून येण्याआधी तिला वेगळा फोन करा. आईच्या फोनवर "वहिनीला सांग" असं नको. तेवढ्या दिवसांसाठी धुण्याभांड्याला बाई लावू या, पैसे मी देते, हे स्पष्ट बोला, ती नको नको म्हणेल तरी भावाशी बोलून लावाच. आणि न्यू जर्सी आणि आपल्यात उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक, पहिले चार-पाच दिवस मुलं रात्री दोन-तीनला टक्क जागी होणार आणि त्यांना भूक लागणार, तेव्हा रात्री झोपतानाच केळी, बिस्किटं, थर्मासमध्ये दूध खोलीतच ठेवून द्या, नाहीतर वहिनी उठून गॅस पेटवते आणि परत पाचला उठतेच.

रिसॉर्टबद्दल मी सरळ सांगते, नको. नवऱ्याच्या मनात प्रेमच आहे, सासूला आराम मिळावा असंच त्याला वाटत असेल, ते मला कळतं. पण आई तिथे हातावर हात ठेवून बसते, देवाची पूजा राहिली म्हणून जीव खालीवर, बाबांना सकाळचा पेपर नाही, जेवण बेचव लागतं आणि मेनूवरचे आकडे बघून दोघंही "भूक नाही" म्हणतात. त्यात पावसात समुद्रात उतरायचं नसतंच, जून ते सप्टेंबर पोहायला बंदी असते, जीवरक्षक शिट्ट्या मारून बाहेर काढतात आणि बरोबर करतात. मग मुलांना तिथे न्यायचं कशाला? तुम्हा दोघांना एक रात्र हवी असेल तर खुशाल जा, मुलांना आजीकडे ठेवून जा, आजीला त्याहून मोठं काय हवं.

मुलं कंटाळतील अशी भीती तुम्ही लिहिलीय. त्यांना काम द्या ताई, आणि ते आजीने सांगितलेलं असू दे. सकाळी पूजेची फुलं काढून आणणं, तुळशीला पाणी घालणं, आणि बिकणां सोलणं. फणसाची वाळवून ठेवलेली बी, वरची पांढरी साल नखाने उचकटली की सुटते, आतली तपकिरी मात्र चिकट, ती सुरीने खरवडताना सहा वर्षांची मुलगी आजीच्या मांडीला टेकून अर्धा तास बसेल, आणि त्या वेळात आजी जे बोलेल ते व्हिडिओ कॉलवर कधीच बोलत नाही. मुलांना नीट बोलता येत नाही म्हणून तुम्ही मधे दुभाषी होऊन उभ्या राहू नका, उठून आत जा, दोघं खुणांनी मोडकं तोडकं काहीतरी जमवतात.

देवदर्शनाला कुलदेवाला एकदा, सकाळी लवकर, आईबाबांना बरोबर घेऊन. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, नागेशी, रामनाथी सगळं एका दिवशी उरकायचा बेत मुलांना देवळाचा कंटाळा आणेल आणि बाबांचे गुडघे दुखवेल. आषाढी एकादशी तुमच्या तारखांत बसत असेल तर दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या मैदानात चिखलकाला असतो, तिथे मुलाला जरूर न्या, जुने कपडे घालून, आणि खेळू द्या!

नातेवाईकांकडे घरोघरी फिरू नका. एका रविवारी सगळ्यांना घरीच बोलवा, जेवण बाहेरून मागवा, वहिनीच्या गळ्यात नको.

तिकीट काढताना विमानतळ दाबोळी की मोपा ते नीट बघा, 2023 पासून दोन्ही चालू आहेत आणि घाईत लोक चुकतात. फोंड्याहून मोपाला पावसात दीड तास तरी धरा, जास्तच. ओला-उबर इकडे नाही, गाडी आधी सांगून ठेवा किंवा गोवा माइल्स या टॅक्सीच्या ॲपवर बघा. आणि परत निघायचे शेवटचे दोन दिवस पूर्ण रिकामे ठेवा, बॅगा त्याआधीच भरा, लोणची-मसाल्याच्या पुड्या कुठल्या बॅगेत ते आईलाच ठरवू द्या. विमानतळावर यायचं का हेही तिला विचारा. रात्रीचं फ्लाइट, पाऊस, तिला त्रास होईल असं तुम्ही परस्पर ठरवून टाकाल, पण यायचं म्हणाली तर गाडीत पुढची सीट तिची.